व्ही.पी.ने श्रीमंत व्हा

तुम्ही दौंडजवळच्या पाटसचे आहात. वैद्यकातले ओ की ठो कळत नाही, व्यापारात आजवर फक्त उधारी केली आहे आणि घरबसल्या पैसा यावा अशी मनापासून इच्छा आहे. अभिनंदन, पात्रतेच्या तिन्ही अटी तुम्ही पुऱ्या केल्या. वर्तमानपत्रात चार ओळी छापून औषध, घड्याळ किंवा शेअर विकायचा धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जसा फुलला तसा पुन्हा फुललेला नाही, म्हणून हा पाठ त्याच काळात जाऊन गिरवायचा आहे. पाटी-पेन्सिल घ्या. शंका शेवटी विचारा. शेवटी आम्ही नसू.

१. साल नीट निवडा. घाईने जन्म घेऊ नका. १८७७ च्या आधी आलात तर व्ही.पी. (म्हणजे पैसे घेऊनच पार्सल हातात ठेवणारी टपालसोय) नाही, १८८० च्या आधी आलात तर टपालाची मनीऑर्डर नाही, आणि या दोहोंवाचून तुम्ही फक्त एक खोटे बोलणारे गृहस्थ आहात, जाहिरातदार नव्हे. फार उशीरही नको. १९५४ साली आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा झाला आणि मधुमेहापासून मोतीबिंदूपर्यंत चोपन्न दुखणी ‘हमखास बरी करतो’ म्हणायला बंदी आली. (महामार्गाच्या कडेच्या भिंती वाचताना हा कायदा आठवतोच असे नाही, पण तो आहे.) तेव्हा १९०० ते १९१३ हा मुहूर्त धरा. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत उतरला, पुढच्या साली पुण्यात भडकला, आणि त्यानंतर दरवर्षी गावे ओस पाडून लोक रानात झोपड्या घालून राहत होते. हाफकिनची लस १८९७ मध्येच आली होती, पण लोकांना प्लेगाइतकीच सुईची धास्ती. घाबरलेला माणूस जाहिरात दोनदा वाचतो. आपल्याला एकदाच पुरे आहे.

२. पत्ता बदला. ‘मु. पो. पाटस, ता. भीमथडी’ असे चुकूनही छापू नका. पाटसचा माणूस पाटसचे औषध घेणार नाही, कारण काल दुपारी तुम्ही कुठे बसला होता हे त्याला ठाऊक असते. गिरगावात चाळीत राहणारा एखादा मावसभाऊ असेलच. त्याची खोली म्हणजे हेड ऑफिस, खिडकी म्हणजे पार्सल खाते, आणि वहिनी म्हणजे मॅनेजर. पत्ता कसा असावा याचा आदर्श लाहोरच्या अमृतधारावाल्या पंडितजींनी घालून दिला आहे: इमारत अमृतधारेची, रस्ता अमृतधारेचा आणि पोस्टही अमृतधारेचे. पत्र टाकणाऱ्याला वाटावे की लाहोर हे गावच त्या बाटलीभोवती वसले. तुमच्याकडे सध्या चाळ आहे. तिला ‘बिल्डिंग’ म्हणा.

३. बाटलीत काहीतरी घाला. नवशिके इथे पाणी घालतात आणि पहिल्याच महिन्यात बुडतात. थोडे खरे औषध हवेच. ओव्याचे सत्त्व, पुदिन्याचे सत्त्व आणि कापूर हे तिन्ही समभाग घ्या. तिन्ही कोरडे, पांढरे, खडेसाखरेसारखे दिसतात. स्वच्छ बाटलीत एकत्र घालून बूच लावा आणि हलवत राहा. पाण्याचा थेंब न घालता आतले सगळे आपोआप वितळून पातळ होते. हा चमत्कार नव्हे, या पदार्थांचा स्वभावच तसा. पण गिऱ्हाइकाला हे सांगायचे नाही. बाटली उघडली की डोळ्यांत पाणी येते, पोटात घेतली की गॅस सुटतो, कपाळाला लावली की गार वाटते. माणसाला ‘काहीतरी झाले’ असे वाटले की उरलेले काम तो स्वतः करतो.

खर्चाची काळजी करू नका. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली ‘सीक्रेट रेमेडीज’ या पुस्तकात विलायतेतल्या गुप्त औषधांची रासायनिक चिरफाड केली. ‘डबीला गिनी मोलाच्या’ म्हणून गाजलेल्या बीचमच्या गोळ्यांत काळा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. छप्पन गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीला. आतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. हिशेब करा: शंभरपटीहून जास्त. हे वाचून तिकडच्या डॉक्टरांना संताप आला. तुम्हाला मार्गदर्शन मिळाले.

४. नाव ठेवा. ‘भीमबिंदू’ कसे वाटते? भीमा नदी आपली, गदा पांडवांची आणि कापूर भीमसेनी असल्याचा भास. मात्र स्वतंत्र नाव शोधण्यात वेळ घालवू नका. खपणाऱ्या नावाच्या जितके जवळ जाता येईल तितके जा. अमृतधारा चालली म्हणून लक्ष्मणधारा निघाली, आणि ते भांडण होता होता १९६२ साली सुप्रीम कोर्टात पोचले. दोन्ही नावे फसगत व्हावी इतकी सारखी आहेत, असे कोर्टाने म्हटले. पण त्या निकालातली आपल्या कामाची गोष्ट वेगळी. गिऱ्हाईक कोण समजायचे, याची मोजपट्टीच कोर्टाने सांगून ठेवली: बेसावध, सर्वसाधारण बुद्धीचा आणि अर्धवट आठवणीचा माणूस. जाहिरातदारांना जे पन्नास वर्षे नुसत्या अनुभवाने माहीत होते ते एकदाचे कायद्याच्या भाषेत आले.

५. रोगांची यादी करा. यादी जितकी लांब तितका माल जास्त, हा समज बाळबोध आहे. यादीत तीन प्रकारचे रोग पाहिजेत. पहिला, आपोआप जाणारे: पडसे, अजीर्ण, डोकेदुखी, उचकी. इथे यश ठरलेले. दुसरा, कधीच न जाणारे: संधिवात, दमा, म्हातारपण. इथे गिऱ्हाईक कायमचे. तिसरा प्रकार सगळ्यांत महत्त्वाचा आणि तो बारीक टायपात घालायचा: धातुक्षय, गुप्तरोग, स्त्रियांचे सर्व विकार. हा माणूस औषध मागवतो ते घरातून लपून, आणि गुण आला नाही तर कुणाकडे बोलणार? तक्रार करायची तर आधी दुखणे सांगावे लागते. त्या काळच्या कुणा सासुरवाशिणीला पांढरे जात असेल, तर तिला डॉक्टर पाहायला मिळायचा तो पुण्याला, आणि तिथे नेणार कोण? तिच्यासाठी वर्तमानपत्राचा तो कोपरा हाच दवाखाना होता. आम्हालाही वाईट वाटते हो. म्हणून तर बाटली बारा आण्यांनाच ठेवली.

६. जाहिरात लिहा. मथळ्यात औषधाचा उल्लेख नको. ‘अरेरे! केवढा हा अनर्थ!’ असे छापले की बातमी समजून वाचणारा अर्ध्या वाटेपर्यंत येतो, आणि तिथून परत फिरायचा कंटाळा येतो. छापखान्यात बोट दाखवणाऱ्या हाताचा ठसा असतोच, तो मागून घ्या. उद्गारचिन्हे आळशासारखी एकेक वापरू नका. खाली नमुना देतो, तो तसाच उतरवलात तरी हरकत नाही:

‘मृत्यूस आव्हान!! काय, आपण अद्याप भीमबिंदू घेतला नाही? मग आपण जगता तरी कसे? पटकी, प्लेग, हिवताप, विंचूदंश, मंदाग्नि, मनाची उदासी व परीक्षेतील अपयश यांवर रामबाण. बाटलीस १२ आणे. तीन बाटल्यांस २ रुपये. टपालहशील निराळे. नकली मालापासून सावध! एजंट पाहिजेत.’

शेवटची ओळ विसरू नका. रोगी एक बाटली घेतो, एजंट बारा घेतो, आणि एजंट होणारा माणूस बहुधा रोगीही असतो.

७. प्रशस्तिपत्रे गोळा करा. पेन्शनर मामलेदार, हेडमास्तर, वकील आणि एखादे छोटेसे संस्थानिक अशी चौकट पूर्ण हवी. पूर्ण नाव छापू नका; ‘एक सुप्रसिद्ध वकील, दौंड’ एवढे पुरते, कारण दौंडमधला प्रत्येक वकील तो आपणच समजतो. पत्रात गुण येण्याआधीची अवस्था सविस्तर आणि नंतरची त्रोटक लिहावी. दुःखाचे वर्णन खरे वाटते, सुखाचे कुणालाच वाटत नाही.

८. ‘रजिस्टर्ड’ छापा. ट्रेडमार्क नोंदवायचा कायदा हिंदुस्थानात १९४० साली आला. त्याआधी धंदेवाले एवढेच करत: ‘हे चिन्ह माझे आहे’ असा कागद स्वतःच लिहायचा, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत दस्त म्हणून नोंदवायचा, आणि बाटलीवर ‘सरकारी रजिस्टर्ड’ म्हणून मिरवायचे. घराचे खरेदीखत जिथे नोंदते तिथेच तुमची फुशारकीही नोंदते. सरकारने औषध तपासले असे वाचणाऱ्याला वाटले तर तो त्याचा प्रश्न. पदकाचेही तसेच. काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून औद्योगिक प्रदर्शने भरत, १९०४ चे मुंबईला भरले होते. तिथे गाळा लावला म्हणजे ‘प्रदर्शनात झळकलेले’, आणि नुसते बघायला गेलात तरी तुम्ही तिथे होता हे खोटे नाही.

इनामाबद्दल मात्र सावध राहा. ‘खोटे ठरविल्यास ५०० रुपये इनाम’ हे वाक्य फार गोड आहे, पण लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉलवाल्यांची कथा ऐकून मग लिहा. आमचा गोळा हुंगूनही इन्फ्लुएन्झा झाला तर शंभर पौंड देऊ, अशी त्यांनी १८९१ साली जाहिरात केली. श्रीमती कार्लिल यांनी दिवसातून तीनदा इमानाने गोळा हुंगला, इन्फ्लुएन्झा झाला आणि १८९२ मध्ये कोर्टाने पैसे द्यायला लावले. कंपनीची चूक कुठे झाली? एक हजार पौंड खास यासाठी बँकेत ठेवले आहेत, असे तिने वर छापले होते. कोर्ट म्हणाले, मग तुम्ही मनापासून बोलला होता. तेव्हा इनाम हवे तेवढे लावा, बँकेचे नाव काढू नका.

९. स्वदेशी व्हा. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, आणि तेव्हापासून ‘स्वदेशी’ हा शब्द बाटलीवर असला की दोन आणे जास्त मिळतात. आता तुमच्या बाटलीची झडती घेऊ. पुदिन्याचे सत्त्व जपानचे. कापूर फॉर्मोसाचा, म्हणजे तोही जपानच्या मुठीतला. ओवा आपल्याच मातीतला खरा, पण तो पोत्यांनी जर्मनीला जायचा, तिथे सत्त्व काढले जायचे आणि बाटल्यांत भरून परत यायचे. बाटलीची काच बहुधा ऑस्ट्रियाची. म्हणजे स्वदेशी काय उरले? लेबलावरची भारतमाता आणि गिऱ्हाईक. मँचेस्टरवाले कापडाच्या ठाणांवर आपले देव चिकटवून विकत होते, तेव्हा तुम्हीच एवढे लाजायचे कारण नाही.

तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत गावोगाव फिरून तो फंड जमवला, लोकमान्यांनी पाठ थोपटली आणि खरोखर काच तयार झाली. तिथून बाटल्या घेता येतील. महाग पडतात. विचार करा, पण फार करू नका.

१०. व्ही.पी. हेच खरे औषध. इथवरचे सगळे विसरलात तरी चालेल, ही पायरी पाठ करा. व्हॅल्यू पेएबल पार्सल म्हणजे काय? गिऱ्हाईक पैशाचे पोस्टकार्ड टाकते. तुम्ही पार्सल पाठवता. पोस्टमन ते घेऊन दारात उभा राहतो आणि म्हणतो, आधी पैसे. पैसे दिल्याशिवाय पार्सल फोडता येत नाही, आणि फोडल्यावर पैसे परत मागता येत नाहीत. माल बघून घे, वाजवून घे, या आपल्या बाजाराच्या साऱ्या शहाणपणाला सरकारी खात्याने एका फटक्यात रजा दिली. दौंडच्या बाजारात वांगी उलटीपालटी करून, देठ बघून, दोन आण्यांवर अर्धा तास घासाघीस करणारा माणूस शिवलेल्या फडक्यातल्या पुडक्यासाठी टपालहशिलासकट सव्वा रुपया मुकाट मोजतो, कारण समोर खाकी डगला आहे आणि मागे शेजारी उभे आहेत. ‘काय मागवलंत, अण्णा?’ असे कुणी विचारायच्या आत त्याला ते घरात न्यायचे असते.

म्हणून पार्सलावर लाखेची सील भरपूर लावा. कापूर फडक्यातून जरासा दरवळला तर उत्तम. बाटली लहान, खोका मोठा, मध्ये भुसा. भुशातच आपल्या इतर वीस औषधांचे सूचीपत्र.

यात एकच धोका: गिऱ्हाइकाने व्ही.पी. सोडवलीच नाही तर ती परत येते आणि टपालखर्च तुमच्या अंगावर. त्यावर उपाय म्हणून ‘चार आणे आगाऊ पाठवावे’ अशी अट घाला. बेत फिरला तरी चार आणे तुमचेच. काही उत्साही मंडळी न मागताच व्ही.पी. पाठवून देत. घरचे कर्ते गावाला गेलेले, पुडक्यावर नाव त्यांचे, बायको बिचारी पैसे भरून मोकळी. व्ही.पी. खऱ्या मागणीवरूनच पाठवत आहे असे पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची तरतूद १८९८ च्या टपाल कायद्यात घालावी लागली, यावरून तुमच्या आधीच्या बॅचने काय काय केले असेल ते ओळखा.

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला कळू देऊ नका. याच टपाल कचेरीत कोयनेलची पुडी मिळत असे, किंमत एक पैसा. बंगालमध्ये १८९२ पासून ही सोय सुरू झाली, मग इतर प्रांतांतही आली. हिवतापावर चालणारे ते खरे औषध, सरकारी खात्रीचे. पण पुडीवर चित्र नाही, प्रशस्तिपत्र नाही, परीक्षेतल्या अपयशावर उपयोग नाही आणि चव कडू जहर. ज्या खिडकीतून पैशाला कोयनेल मिळते त्याच खिडकीवर तुमच्या बाटलीसाठी सव्वा रुपया मोजला जातो. तुमच्या हिमतीला दाद द्यायची की कोयनेलवाल्यांच्या आळसाला हसायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

११. घरगुती वस्तू. घड्याळासोबत १०१ वस्तू मोफत द्या. सुया सुट्या मोजल्या की संख्या भरते. या खात्यात जास्त रमू नका, कारण इथे काही लोकांनी धंदा बिघडवून ठेवला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ पासून लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात, तरी हा गृहस्थ नांगरच करत बसला. पुढे १९२० साली मालाची माहिती द्यायला ‘किर्लोस्कर खबर’ काढली, तर तिचे चांगले वाचनीय मासिक होऊन बसले. ओगल्यांनी कंदील केला, प्रभाकर कंदील, तो पेटायचा आणि वाऱ्यात टिकायचाही. आधी माल करायचा आणि मग जाहिरात करायची, अशी ही उलटी रीत. तिला लागते भांडवल, आणि भांडवलासाठीच तर आपण धंद्यात पडलो.

१२. गुंतवणूक. भीमबिंदूतून चार पैसे सुटले की शेअर विका. बाटली भरावी लागते, शेअरला नुसता कागद पुरतो. तुमचा मुलूख मात्र जरा अवघड आहे. शेजारच्या सुप्याला १२ मे १८७५ ला लोकांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जरोखे बाहेर काढले आणि पेटवले. कागदाचा राग असलेल्या टापूत कागद विकायचा म्हणजे आधी तो सावकाराचा नाही, ‘कंपनी’चा आहे, हे ठसवा. गावकऱ्याला शेअर समजत नाही, लग्न समजते. म्हणून लग्नाचा फंड काढा: महिना आठ आणे भरा, मुलीच्या लग्नाला दोनशे घ्या. पहिली चार लग्ने थाटात लावून द्या, त्यांचे फोटो छापा, मग नवे आठ आणे येत राहतात. पाचव्या लग्नाच्या सुमारास हेड ऑफिस हलवा. अशा विवाह आणि जन्माच्या फंडांचे इतके पेव फुटले की १९१२ साली सरकारला प्रॉव्हिडंट विमा मंडळ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. तुम्ही १९११ मध्ये उरकून घ्या.

मोठी झेप घ्यायची असेल तर बँक काढा. मुंबईची इंडियन स्पेसी बँक १९०६ मध्ये स्वदेशीच्या भरात निघाली, ठेवी आल्या, त्या चांदीच्या सट्ट्यात गेल्या आणि १९१३ च्या अखेरीस दारे बंद झाली. सात वर्षे! भीमबिंदूची बाटली तेवढी टिकत नाही. ज्यांच्या ठेवी बुडाल्या त्यांच्याबद्दल मनात कळवळा ठेवा. त्यांचे पत्ते मात्र वहीत ठेवा. एकदा बुडालेला माणूस नुकसान भरून काढायला पुन्हा येतोच.

१३. तक्रारींची उत्तरे. दर तक्रारीला उत्तर द्या, गप्प बसू नका. मजकूर छापूनच ठेवा आणि नावापुरती जागा मोकळी सोडा:

‘रा. रा. ———— यांस, सा. न. वि. वि. आपले पत्र पावले. भीमबिंदू घेऊनही हिवताप गेला नाही हे वाचून मनास फार यातना झाल्या. थेंब घेताना आपले तोंड कोणत्या दिशेस होते ते आपण कळविले नाही. वांगे, चिंच, हरभऱ्याची डाळ व चिंता वर्ज्य असल्याचे वेष्टनाच्या आतील बाजूस छापले आहे, ते आपल्या नजरेतून सुटलेले दिसते. एका बाटलीने रोग फक्त जागा होतो. दुसरीने हलतो व तिसरीने निघून जातो, असा क्रम आहे. आपण नेमके अर्ध्यावर आहात. अशा वेळी औषध सोडल्यास होणाऱ्या परिणामास कंपनी जबाबदार नाही. आपली निकड ओळखून दोन बाटल्यांची व्ही.पी. आजच्याच टपालाने रवाना केली आहे, ती सोडवून घ्यावी. कळावे, लोभ असावा.’